रिकामा फेरा

शनिवारी सकाळी वजडीच्या दुकानासमोर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे दोन बायका होत्या, आणि तेवढ्यात रस्त्यावरून तो आवाज आला. खिळे भरलेला पत्र्याचा डबा कुणी खदाखदा हलवावा तसा. टू-स्ट्रोक मोटरसायकल. त्यात नवल नव्हतं, ब्रॅडफर्डात हल्ली पोरं तसल्याच गाड्या उडवत फिरतात. पण हा आवाज पोरासोराच्या हातातला नव्हता. मुठीतला गॅस, म्हणजे ॲक्सिलरेटर, केसभर उघडून धरलेला होता, सिग्नलला थांबतानाही आवाज डळमळला नाही. मान वळवायच्या आधीच मला कळलं होतं कोण आहे ते. नेविल. लाल टाकीची, अंगानं सडपातळ, स्पेनहून आलेली नवी कोरी गाडी, आणि तिच्यावर नेविल. ज्याच्या पायांची लांबी बघून मी एका गाडीचा सांगाडा वाकवला होता, तो नेविल. त्यानं मला पाहिलं. मग त्यानं सिग्नलकडे पाहिलं. सिग्नल लालच होता, त्यात एवढं पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी तो हिरवा होईपर्यंत त्यानं मान खाली केली नाही. मग डबा वाजत वाजत चढावरून निघून गेला, मागे निळसर धूर राहिला, आणि तेल जळल्याचा गोडूस वास वजडीच्या वासात मिसळला. दुकानातली बाई म्हणाली, "काय देऊ रे राजा?" मला काही आठवेना. "सावकाश सांग," ती म्हणाली, "मी काय, संध्याकाळपर्यंत इथंच आहे. तुझ्यामागच्यांचं मात्र तसं नाही." मागच्या बायका हसल्या. मी बाजूला झालो आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली.

घराकडे जाणारा रस्ता चढाचा आहे. पूर्वी तो चढाचा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. आता गिरणीच्या भिंतीशी एकदा आणि चर्चच्या कोपऱ्याशी एकदा थांबावं लागतं, आणि कुणी बघत असेल तर बुटाची नाडी सुटल्याचं सोंग करावं लागतं. भिंत काजळीनं काळी झालेली, हात लावला की बोटांवर येते. हात टेकून उभा राहिलो. छातीत ठोके पडत होते, एक पडायचा, मग जरा रिकामं, मग दुसरा. फोर-स्ट्रोक इंजिनाचं असंच असतं. आत ओढायचं, दाबायचं, पेटायचं, बाहेर सोडायचं. काम होतं ते फक्त पेटताना. बाकी सगळं इंजिन आपल्याच वजनावर रेटून नेतं. एक फेरा कामाचा, एक फेरा रिकामा. टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला पेटतं, त्याला उसंत नाही. लोक मला विचारायचे, अरे हेडली, निम्म्या वेळी नुसतंच फिरणाऱ्या इंजिनाचं तुला एवढं काय कौतुक? मी सांगायचो, त्या नुसत्या फिरण्याचंच. ओल्या दगडावर चाक असताना एक ठोका आणि दुसरा ठोका यांच्या मधे जी जागा असते, तिथं टायर पुन्हा दगड धरतं. सारखं पेटत राहिलं तर ते घसरतच राहतं. हे मी किती उत्साहानं सांगायचो. आता भिंतीला टेकून उभा होतो आणि वाटत होतं की सध्या आपला रिकामाच फेरा चालू आहे. गिरणी सुटली, मुलगी लग्न होऊन गेली, गुडघे गेले, आणि आधीच्या कुठल्या तरी ठोक्याच्या जोरावर आपण अजून फिरतो आहोत. पुढचा ठोका पडेल, असं आपलं धरून चाललो होतो. तो ठोका म्हणजे नेविल होता.

गिरणीच्या दुरुस्तीखात्यात माग जोडण्यात माझी उमर गेली. एक भाग काढायला दुसरे तीन भाग काढावे लागतात, असं यंत्र ज्यानं रात्रपाळीत दुरुस्त केलं असेल त्याला साधेपणाची चटक लागते. मी इंजिन करायला घेतलं तेव्हा त्यात काय घालायचं हा विचार कधी केला नाही, काय काढून टाकता येईल एवढंच बघत गेलो. एकच सिलिंडर, बिडाचा. दोनच व्हॉल्व्ह, आणि ते उघडायला खालून येणाऱ्या दोन साध्या दांड्या. वर साखळी नाही, पट्टा नाही. इंजिनाला आणि गिअरला एकाच पोटातलं तेल. कार्बोरेटरचं तोंड लहान, म्हणजे गडी घाबरून गॅस पिळला तरी इंजिन उधळायचं नाही. आणि फिरण्याचा जोर साठवणारं चाक, फ्लायव्हील, ते मात्र जड, जात्याच्या तळीसारखं. सगळं उघडायला दोन पाने पुरायचे, तेही पावसात, गारठलेल्या बोटांनी. माझी बायको इडा म्हणायची, "तुझं इंजिन आणि तुझं बोलणं सारखंच. काही नसतंच त्यात." कोळसा ठेवायच्या तळघरात मी इंजिन जोडत असायचो, ती तिथं माझ्यासाठी चहा घेऊन यायची आणि बसायला जागा नाही म्हणून उभ्याउभ्याच माझा चहा पिऊन जायची.

आमच्या खेळात वेगाला किंमत नाही. माळावरच्या ओढ्यांत, घळींत, दगडांतून दोऱ्या लावून टप्पे आखलेले असतात, त्यातून पाय न टेकता गाडी काढायची. पाय टेकला की एक गुण अंगावर, सारखा टेकवत गेला की तीन, गाडी थांबली की पाच. दिवसाच्या शेवटी ज्याच्या अंगावर कमी गुण तो जिंकला. नेविल कोळशाचा ट्रक चालवायचा. त्याच्या हातात मी पहिल्यांदा माझं इंजिन दिलं तेव्हा तो एका दगडावर अर्धा चढून तिथंच गाडी तोलत उभा राहिला आणि खाली मान घालून ऐकत राहिला. "म्हातारबा," तो म्हणाला, आणि मी तेव्हा म्हातारा नव्हतो, "हे बंद पडलंय की चालू आहे?" चालू होतं. इतकं हळू की मधल्या जागेत माणसाला शंका यावी. त्या दिवसापासून ते इंजिन दोघांचं झालं. घळीत बसायच्या पाटासारखा एक मोठा सपाट दगड आहे, त्या पाटाच्या दगडाखाली आम्ही दोघांनी एक युक्ती शोधून काढली. पुढचं चाक दगडाला भिडलं रे भिडलं की गॅस साफ बंद करायचा. बाकीचे सगळे तिथं गॅस पिळायचे आणि घसरायचे. नेविल बंद करायचा, आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेलं वजन गाडीला अलगद वर उचलायचं, म्हातारीनं नातवाला कडेवर घ्यावं तसं, आवाजही न करता. बघणाऱ्यांना ती जादू वाटायची. ती जादू माझ्या जड चाकात होती आणि नेविलच्या मनगटात होती, कुठलं किती ते आम्ही कधी वाटून घेतलं नाही. ओतकामाचा कारखाना असलेला हेग एकदा ते बघून गेला. म्हणाला, या मोसमात या पोरानं या इंजिनावर स्पर्धेची ढाल आणली तर मी असल्या इंजिनांची एक खेप ओतून बघतो. चालवणारा हवा मात्र. कुणी चालवत नसेल तर मी ओतू कुणासाठी?

"वजडी कुठाय?" इडानं विचारलं.

"विसरलो."

"रांगेत उभा राहायला गेला होतास की रांग बघायला?"

मी कोट काढला नाही, तसाच स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो. "नेविलनं स्पेनची गाडी घेतली," मी म्हणालो.

ती बटाटे सोलत होती. सोलतच राहिली. "ठाऊक आहे मला. त्याची बायको भेटली होती केस बसवायला गेले होते तिथं. डोक्याला कुरळं करायच्या पिना लावलेल्या आणि डोळ्यांत पाणी. म्हणाली, हेडलीला कसं सांगायचं म्हणून हा धड जेवत नाही."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"मी सांगायचं होय? गाडी मी घेतली का?" तिनं बटाटा पाण्यात टाकला. "हे बघ, तो पस्तिशीचा झाला. अजून पाच-सहा वर्षं त्याचे गुडघे ऐकतील. सगळी पोरं हलक्या गाड्यांवर पुढे चाललीत आणि हा तुझं बिडाचं ओझं उचलून डोंगर चढतोय. तुझ्यावर माया आहे म्हणून चढतोय. मायेनं किती दिवस चढायचं माणसानं?"

इंजिनाच्या वजनाला ती ओझं म्हणाली ते मला लागलं, आणि ते खरं आहे हे त्याहून लागलं. फ्लायव्हील हलकं केलं असतं तर? किती वेळा तो विचार मनात आला होता, आणि किती वेळा मी ते लेथवर चढवून, मशीन चालू करून, पुन्हा बंद केलं होतं. ते हलकं केलं की मग ते दुसऱ्या कुणाचंही इंजिन होतं.

"उद्या स्पर्धेला जाऊ नकोस," इडा म्हणाली. "पर्सीला निरोप देते, कंबर धरलीय म्हणून."

"टप्पा माझा आहे."

"टप्पा डोंगराचा आहे. तुझा काय?"

पण ती मला पुरती ओळखते. रविवारी सकाळी तिनं डबा भरून ठेवला होता, आणि जाड मोजे.

आमच्याकडे गाडी चालवणं सुटलं की माणूस परीक्षक होतो. सांगावं लागत नाही, कुणी नेमतही नाही; एका मोसमात तुम्ही चालवत नाही आणि पुढच्या मोसमात तुम्ही एखाद्या टप्प्याच्या कडेला गोणपाटावर बसलेले असता. घळीचा टप्पा कित्येक वर्षं माझा आहे. मी बघतो आणि हातानं गुण दाखवतो, शेजारी बसून पर्सी ते लिहितो. मूठ मिटली म्हणजे काही नाही, एक बोट म्हणजे एक, तीन बोटं म्हणजे तीन, पंजा उघडला म्हणजे पाच. दाखवलेल्यावर कुणी वाद घालत नाही. वाद घालायचा असता तर लोक फुटबॉल खेळले असते. नोव्हेंबरातला माळ, सगळं तपकिरी, ओढ्याचं पाणीही चहासारखं. पर्सीनं पाइप पेटवायला काड्यांमागून काड्या ओढल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "चेहरा असा का? इडानं अंडं दिलं नाही?"

"गुडघा दुखतोय."

"गुडघ्याला नेविल म्हणायला लागलास वाटतं." पुन्हा एक काडी ओढत तो म्हणाला, "राग मानू नकोस हेडली, पण ती स्पेनची गाडी म्हणजे शेळी आहे. आणि तुझी—"

"माझी काय?"

"गाय रे. चांगली गाय. गरीब. पण डोंगर शेळीच चढते."

"पेन्सिलीला टोक कर," मी म्हणालो.

पलीकडच्या काठावर हेग छत्री घेऊन उभा होता. मला बघून त्यानं छत्री जराशी हलवली, मयताला आल्यावर लांबच्या नातेवाइकाला करावी तशी खूण. त्यालाही कळलं होतं. एकेक गडी येत होता. शेळ्याच जास्त. पाटाच्या दगडापाशी बहुतेक जण पाय टेकत होते, काही आडवे होत होते, मी बोटं दाखवत होतो. हात वर करायचाही कंटाळा येत होता. कधी असं होतं की समोरचं सगळं दिसतं, पण काचेपलीकडून. माझ्या मनात आलं, आज नेविल पाय न टेकता गेला तर ढाल त्याची, आणि ढाल त्याची झाली की माझं इंजिन संपलं. हेग पुन्हा या माळावर यायचा नाही. आणि तो इथं पडला तर? तर कदाचित तो म्हणेल, म्हातारबा, काढ ती जुनी गाय. हे मनात आलं आणि मी ते हुसकून लावलं नाही. तेवढी ताकदच नव्हती. ते तसंच माझ्याशेजारी गोणपाटावर बसून राहिलं.

मग नेविल आला. घळीच्या तोंडाशी थांबला, माझ्याकडे बघितलं, या वेळी नजर काढून घेतली नाही. मी मान हलवली. त्यानं गाडी आत घातली. खालचे गोटे त्यानं असे पार केले की पाणीसुद्धा उडालं नाही. काठावरची माणसं बोलायची थांबली. हलकी गाडी त्याच्या हातात खरंच छान दिसत होती, मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. वळण घेऊन तो पाटाच्या दगडाखाली आला. सगळे त्याच्या पायांकडे बघत होते. मी मागच्या चाकाच्या मधल्या नटाकडे बघत होतो, कारण गाडी चालू आहे की थांबली हे तिथंच कळतं. पुढचं चाक दगडाला भिडलं, आणि नेविलनं गॅस साफ बंद केला.

मला ते कानांनी कळलं. अरे, नको. तिच्यात ते वजन नाही. खिळ्यांचा डबा एकदम गप्प झाला. नट थांबला. पापणी लवेल एवढाच, पण थांबला. पाय दोन्ही वर, गाडी दगडाला लागून हवेत धरल्यासारखी उभी. मग नेविलनं गॅस पिळला, गाडी शेळीसारखी उडी मारून वर गेली, आणि तो टप्प्याच्या बाहेर पडला. काठावर टाळ्या पडल्या. पर्सीनं कागदावर शून्य काढायला पेन्सिल टेकवलीसुद्धा होती.

"थांब," मी म्हणालो. "थांबली होती."

"कधी?"

"दगडाखाली."

पर्सीनं पाइप तोंडातून काढला आणि आवाज खाली आणला. "वेडा आहेस का तू? कुणी बघितलं नाही. पाय वर होते, गाडी गेली. मूठ मिट आणि मोकळा हो. आज, त्याला, तू पाच दिलेस तर लोक काय म्हणतील? हेग तिथं उभा आहे. सूड घेतला म्हणतील रे. बायकापोरांसकट म्हणतील."

तो खरं बोलत होता. मूठ मिटली असती तर संध्याकाळी सगळे म्हणाले असते, म्हातारा मोठ्या मनाचा. मीही तसंच म्हटलं असतं स्वतःला, काही दिवस. आणि पंजा उघडला तर जे म्हणतील, त्यातलं निम्मं माझ्या शेजारीच बसलं होतं. मी स्वतःला विचारलं, हे तू बघितलंस म्हणून म्हणतोयस की तुला हवं होतं म्हणून? थकलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही. पण नट थांबला होता. माझ्या मनात काहीही असो, नट थांबला होता. आणि तो का थांबला हे त्या माळावर मला आणि नेविलला सोडून कुणालाही कळणार नव्हतं. तो पाय चुकला नव्हता, तोल चुकला नव्हता. मनगटानं ती गाडी ओळखलीच नव्हती. ते मनगट अजून माझंच इंजिन चालवत होतं. तळघरातलं इंजिन फडक्याखाली गार पडलं होतं आणि इथं, दुसऱ्याच यंत्रावर, ते एका माणसाच्या हातात अजून फिरत होतं.

मी हात वर केला आणि पंजा उघडला.

टाळ्या थांबल्या. पलीकडून कुणीतरी शीळ घातली, कुणीतरी म्हणालं, "वा रे हेडली, वसूल केलंस." हेगनं छत्री मिटली. नेविल वर गाडी धरून उभा होता, त्यानं माझ्या पंजाकडे बघितलं, आणि गाडी झाडाला टेकवून तो दगडांवरून खाली यायला लागला. पर्सी पुटपुटला, "आला. आता ऐक." पुढचा गडी घळीच्या तोंडाशी वाट बघत होता, त्याला मी हातानंच थांबवलं.

नेविल माझ्यासमोर उकिडवा बसला. तोंडावर चिखलाचे थेंब. "थांबली होती," तो म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"मला वाटलं कुणाला दिसलं नसेल."

"मी नटाकडे बघत होतो."

"तू बघणारच." तो हसला आणि मग हसू तसंच तोंडावर राहून गेलं. "मी बंद केला म्हातारबा. ठरवलं होतं बंद करायचा नाही. महिनाभर घरामागे हेच घोकतोय. दगड आला आणि हात आपोआप बंद करून मोकळा."

"माझीवर असतास तर वर गेला असतास."

"ते माहीत आहे." त्यानं हातमोजा काढून उगाचच झटकला. "तुझी परत घेऊ का, असं विचारायला आलो नाही मी. खोटं कशाला बोलू. घेणार नाही."

"नको घेऊस."

पर्सी दुसरीकडे बघत होता. ओढा वाजत होता. नेविलनं हातमोजा गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "हे जातं का रे? हाताची सवय?"

माझ्या तोंडाशी आलं होतं, नाही जात. तेवढं म्हटलं असतं तर तो दर दगडाखाली ते घेऊन फिरला असता, दरवेळी चुकला असता, आणि दर चुकीत माझं इंजिन एकदा फिरलं असतं. हेग छत्री काखेत मारून उताराला लागला होता, त्याची पाठ दिसत होती.

"जातं," मी म्हणालो. "दगडावर नको शिकूस. सपाट माळावर जा. क्लचवर धर, आणि गॅस कधीच साफ बंद करायचा नाही. थांबायचं असलं तरी नाही. आण इकडे."

त्यानं हात पुढे केला. मी त्याचं मनगट माझ्या दोन्ही हातांत धरलं. गरम होतं, आत शीर उडत होती. ते मी हळूहळू बंद होण्याच्या दिशेनं वळवत आणलं आणि शेवटाला पोचायच्या जरासं आधी अडवलं. "इथं. याच्या खाली येऊ द्यायचं नाही. हिवाळाभर रोज केलंस की हात विसरेल."

"इथं?"

"इथं."

मी हात सोडले. त्यानं एकट्यानं करून बघितलं, मनगट पार शेवटापर्यंत गेलं. "बघ, गेलंच," तो म्हणाला. पुन्हा केलं. पुन्हा गेलं. घळीच्या तोंडाशी थांबलेला गडी ओरडला, "अहो, आज सोडताय की उद्या?" नेविलनं डोळे मिटले, मनगट हवेत फिरवलं, आणि या खेपेला ते बरोबर मी दाखवलं होतं तिथं अडलं.